पाचातली एक सही

"काकू, तुम्ही जर्मनीत जज्ज होतात म्हणे! मग आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा ना काहीतरी. जरा अनुभव, जरा गमतीजमती. लाइट ठेवा."

असा फोन आला. मंडळाची नवी संपादिका पुण्याहून येऊन दोन-तीन वर्षं झालेली, गोड मुलगी आहे. तिला जुनं काही ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर तिने फोन केला नसता, किंवा केला असता तर "लाइट ठेवा" म्हणाली नसती. मी हो म्हटलं. इतकी वर्षं ज्या मंडळाच्या गणपतीला मी पाऊल टाकलेलं नाही, त्याच मंडळाच्या अंकात लिहायचं म्हणजे जरा मजाच. जुनी मंडळी हे पान आधी उघडतील, आणि कशासाठी उघडतील तेही मला ठाऊक आहे.

आधी एक गोष्ट साफ करते. मी वकील नाही. कायद्याच्या कॉलेजची पायरी चढलेली नाही. नाशिकच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, लग्न होऊन इथे आले आणि बॉबलिंगेनच्या एका मशिनरी कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात लागले. आधी पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपर, नंतर कॉम्प्युटर. तोंड पहिल्यापासून चालू. कँटीनच्या जेवणापासून ओव्हरटाइमपर्यंत सगळ्यावर माझं मत असायचं. शेवटी लोकांनीच कंटाळून मला बेट्रीब्सराटमध्ये, म्हणजे कामगारांच्या निवडून दिलेल्या कमिटीत, पाठवून दिलं. तिथून युनियन, आणि युनियनने नाव सुचवल्यावर कोर्ट.

इथली पद्धत अशी आहे. मालक आणि नोकर यांच्या भांडणाचा निवाडा एकटा शिकलेला न्यायाधीश करत नाही. त्याच्या एका बाजूला मालकांच्या बाजूचा एक साधा माणूस बसतो आणि दुसऱ्या बाजूला नोकरदारांच्या बाजूचा. पगार नाही, मानधन म्हणजे तिकीट आणि डब्याचे पैसे. पण मत मात्र पूर्ण. न्यायाधीशाचं एक, तुमचंही एक. आपल्याकडे हे सांगितलं की लोक हसतात. "म्हणजे तुम्ही कोर्टात बसता आणि जज्जला सांगता?" सासऱ्यांनी नागपूरहून विचारलं होतं. मी म्हटलं, "बाबा, सांगत नाही, मत देते." ते म्हणाले, "एकूण एकच."

दहा वर्षं मी स्टुटगार्टच्या कामगार कोर्टात बसले. तिथे गमती होत्या, नाही असं नाही. एका गोदामातल्या स्टोअरकीपरला कंपनीने काढलं होतं, का, तर तो कामाच्या वेळात कंपनीच्या बेसिनसमोर दाढी करायचा. गडी पुरावा म्हणून वस्तरा घेऊन आला! दारातल्या शिपायाने तो काढून घेतला, तर हा ओरडतोय, "अहो, तोच तर माझा साक्षीदार!" त्याचं म्हणणं, घरी दाढी केली की बायको उठते आणि ती उठली की भांडण होतं. न्यायाधीशांनी मालकाकडे बघून विचारलं, "तुमचं लग्न झालंय का?" मालक हसला आणि तिथेच तडजोड झाली. तिथे बहुतेक खटले असेच तडजोडीत मिटायचे. दोघंही थोडे नाराज होऊन घरी गेले की समजायचं, काम नीट झालं.

मंडळात मला तेव्हा केवढा मान! कार्यक्रमाला पहिल्या रांगेत खुर्ची. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "आमचा घरमालक कॉशन, म्हणजे डिपॉझिट, परत देत नाहीये हो. तुम्ही जज्ज आहात, एक फोन टाका ना त्याला." मी म्हटलं, माझा आणि घरमालकांचा काही संबंध नाही, आमचं फक्त नोकरीचं. त्यांना पटलं नाही. "कोर्ट म्हणजे कोर्ट," म्हणाल्या आणि रुसल्या. आमचे हे, म्हणजे सबनीस, बाजूला उभे राहून मिश्या नसलेल्या ओठांवरून बोट फिरवत हसत होते. त्यांना माझा भारी अभिमान होता. मंडळाचे ते सेक्रेटरी होते आणि नव्या माणसाशी ओळख करून देताना स्वतःचं नाव नंतर सांगायचे, आधी म्हणायचे, "ही माझी मिसेस, जज्ज आहे."

मग वरून बोलावणं आलं. कामगारांच्या खटल्यांचं सगळ्यात वरचं कोर्ट, म्हणजे साऱ्या देशाचं, पूर्वेकडच्या एका शहरात आहे. तिथे पाच जण बसतात. तीन शिकलेले संघीय न्यायाधीश आणि आमच्यासारखे दोघं. तिथे मलाही झगा मिळाला, गडद लाल, पायापर्यंत. मी बुटकी, त्यामुळे सुरुवातीला त्यात पाय अडकायचे. यांनी फोटो काढून नागपूर, नाशिक, बडोदा, सगळीकडे पाठवला. "फेडरल जज्ज" असं खाली लिहून! मी म्हटलं, अहो, मानद आहे, वर्षाकाठी थोडेसेच दिवस बोलावतात. ते म्हणाले, "झगा थोडासा आहे का? झगा पूर्ण आहे."

त्या कोर्टाची रीत वेगळी. तिथे साक्षीपुरावे नाहीत. खालच्या कोर्टाने जे लिहिलं, तेच खरं धरायचं, आणि त्याला कायदा नीट लावला की नाही एवढंच बघायचं. आमच्या पीठाचे अध्यक्ष उत्तरेकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. दुपारी सुरीने सफरचंद कापून खायचे, सालाची एक सलग पट्टी काढत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "फ्राऊ झाबनीस," इथे सगळे मला झाबनीसच म्हणायचे, "तुम्हाला जे माहीत आहे ते महत्त्वाचं. पण कागदावर जे आहे ते जास्त महत्त्वाचं." मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आणि आणखी एक रीत, जिच्यासाठी हा सगळा लेख आहे. निवाड्याआधी पाच जण एका खोलीत बसतात आणि दार लावलं जातं. मत द्यायचा क्रम ठरलेला. ज्याने खटल्याचा अभ्यास करून टिपण केलेलं असतं तो न्यायाधीश आधी, मग आम्ही दोघं मानद, त्यातही वयाने लहान तो पहिला, मग उरलेले, आणि अध्यक्ष सगळ्यात शेवटी. आपल्याकडे घरात मोठ्यांनी तोंड उघडलं की धाकटे गप्प. इथे मुद्दाम उलट. हे मला फार आवडायचं. पण त्या खोलीत कोण काय बोललं, कुणी कुठल्या बाजूने मत दिलं, हे बाहेर कधीही, कुणालाही सांगायचं नाही. तशी शपथ घेतलेली असते. काम सोडलं तरी ती सुटत नाही. आणि निकालपत्रावर पाचही जणांनी सही करायची. तुमचं मत निकालाच्या बाजूने असो की विरुद्ध, सही एकच आणि तशीच. 'मला हे पटलेलं नाही' असं खाली लिहायची सोय नाही.

आता हेमंतचं सांगते.

हेमंत शिर्के, कराडकडचा मेकॅनिकल इंजिनिअर. सिंडेलफिंगेनजवळच्या एका इंजिनिअरिंग सर्व्हिस कंपनीत होता आणि ती कंपनी त्याला एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला पाठवायची. बायको मानसी, एक छोटी मुलगी. मी त्यांना तोवर पाहिलेलंही नव्हतं. तो वडिलांचा एकुलता एक मुलगा. वडील अचानक गेले आणि तो मिळेल त्या विमानाने कराडला गेला. तिथून त्याने साहेबाला ईमेल केला की तेराव्यापर्यंत थांबावं लागेल. साहेबाचं उत्तर आलं, आठवडाभराची रजा देतो, पुढच्या सोमवारी हजर व्हा, डिलिव्हरी आहे, नाहीतर नोकरी जाईल. हेमंतने उत्तर दिलं, "मी एकुलता एक मुलगा आहे. तेरावं झाल्याशिवाय मी येऊ शकत नाही. त्यानंतर लगेच येईन."

बस्स. या तीन वाक्यांनी त्याचा घात केला.

कारण इथला कायदा म्हणतो, रजा मालकाने द्यायची, नोकराने स्वतःची स्वतः घ्यायची नाही. नाकारली तर कोर्टात जाऊन तातडीचा हुकूम आणा. बाप गेलेला, डोकं भादरलेलं, घरात सुतक, आणि त्या माणसाने कराडहून जर्मन कोर्टात अर्ज करावा अशी अपेक्षा! इथल्या आपल्या लोकांना याहून सोपी वाट माहीत आहे. गावच्या डॉक्टरकडून एक आजारपणाचं सर्टिफिकेट आणायचं, की मिटलं. हेमंतला त्याच्या मित्राने फोनवर तेच सुचवलं होतं. हा म्हणाला, "बापाच्या दिवसांत खोटं नाही बोलणार." खोटं बोलला असता तर आजही इथे असता, घर घेतलं असतं, मंडळात पहिल्या रांगेत बसला असता. खरं बोलला आणि जाणूनबुजून गैरहजर ठरला.

साहेबही काही राक्षस नव्हता, हेही सांगायला हवं. कागदांत त्याचं म्हणणं होतं: "माझ्या आईला शुक्रवारी पुरलं आणि सोमवारी मी कामावर होतो." त्याला खरोखरच कळत नव्हतं की हा माणूस इतके दिवस तिकडे करतोय काय.

पहिल्या कोर्टात हेमंत जिंकला, मधल्या कोर्टात हरला. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. परदेशी लोकांच्या ऑफिसने खटला संपेपर्यंत मुदत दिली होती. म्हणजे आमच्याकडे हरला तर नुसती नोकरी नाही, सगळंच गेलं. घर, मुलीची शाळा, सगळं.

कागद हातात आल्यावर नाव वाचून मी ताबडतोब अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, हा माझ्या भागातला, माझ्या भाषेचा आहे, ओळख मात्र नाही. त्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं. कुणाचीच हरकत नव्हती. कंपनीच्या वकिलाने तर लिहिलं, भारत मोठा देश आहे. मी कुणाशी बोलले नाही, मंडळात अवाक्षर काढलं नाही. तरी बातमी फुटलीच. हेमंतच्या वकिलाने त्याला पीठावरची नावं सांगितली असणार. लोक मला बघून गालातल्या गालात हसायला लागले. एकाने तर यांच्या पाठीवर थाप मारली, "सबनीससाहेब, आता काय, वहिनीच वर बसल्यायत!" मी तिथल्या तिथे त्याला झापलं. त्याने तेही विनयच समजून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पाच जण झगे घालून आत गेलो. सगळे उभे राहिले. मागच्या बाकावर मानसी, मांडीवर मुलगी. तिने मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला आजही नको वाटतं. दिव्याची वात मोठी करावी तसा चेहरा उजळला. तिने बसल्या बसल्या मला हात जोडले. मी समोरच्या फायलीत बघितलं.

वकिलांचं बोलणं झालं. मग अध्यक्षांनी, खरं तर गरज नसताना, निव्वळ सौजन्य म्हणून हेमंतला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

हेमंत उभा राहिला. केस वाढले होते. चांगल्या जर्मनमध्ये म्हणाला, "मी एकुलता एक आहे. ते माझंच काम होतं."

"तुमचे कुणी चुलतभाऊ वगैरे?" अध्यक्षांनी विचारलं. "दुसरं कुणी करूच शकलं नसतं का?"

हेमंतच्या वकिलाने मान हलवून त्याला खुणावलं. मी मनात म्हटलं, नाही म्हण रे बाबा, नाही म्हण!

"करू शकला असता," हेमंत म्हणाला. "चुलतभाऊ होता. पण तो त्यांचा मुलगा नव्हता."

वकिलाने डोळे मिटले. कंपनीच्या वकिलाने काहीतरी टिपून घेतलं. आणि तेवढ्यात मागून मानसी मराठीत बोलली, मोठ्याने. "काकू, तुम्ही सांगा ना यांना. तेरावं म्हणजे काय असतं ते तुम्ही तरी सांगा!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "फ्राऊ झाबनीस, त्या बाई काय म्हणाल्या?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "त्या म्हणतायत, तेरावा दिवस म्हणजे काय ते मी तुम्हाला समजावून सांगावं."

"इथे नाही," अध्यक्ष म्हणाले. "तर मग, सुनावणी संपली."

मानसी अजून माझ्याकडेच बघत होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली असती तर ते होकार वाटलं असतं, नाही हलवली तर नकार. मी उठले आणि बाकीच्यांबरोबर आतल्या खोलीत गेले.

दार लागलं. अध्यक्षांनी सफरचंद काढलं. कॉफी आली. ज्यांचं टिपण होतं ते न्यायाधीश आधी बोलले. मग आम्ही दोघं. माझ्या शेजारचे मालकांच्या बाजूचे गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे, म्हणजे त्यांच्याआधी मी. यापुढचं मी सांगणार नाही. जुनी मंडळी इथे चरफडतील, चरफडू देत.

संध्याकाळी निकाल. पुन्हा सगळे उभे. "जनतेच्या नावाने," अध्यक्षांनी सुरुवात केली. हेमंतचं अपील फेटाळलं. पाच जण लाल झग्यांत ओळीने उभे. कुणाचा चेहरा काही बोलत नाही. आम्हाला ते शिकवलेलंच असतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हेमंत भिंतीकडे तोंड करून उभा होता. मानसी समोर आली. मला वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, काहीतरी बोलेल. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही होतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो हो." आणि मुलीचा कोट नीट करायला लागली.

काही आठवड्यांनी निकालपत्र सह्यांसाठी आलं. मी सही केली. माझी सही वळणदार आहे, ड्रॉइंग ऑफिसची. पाचांत तीच सगळ्यात नीट वाचता येते.

महिन्याभरात शिर्के मंडळी सामान विकून परत गेली. त्यांचं सामान मंडळाच्या बायकांनीच विकत घेतलं. आणि मग सुरू झालं. "एक मराठी माणूस वर बसलेला आणि साधं तेरावं समजावता आलं नाही?" "समजावलं असेल कशावरून? झगा मिळाला की माणसं बदलतात." "अगं, हिच्या सासऱ्यांच्या वेळी ही स्वतः पाचव्या दिवशी परत आली नव्हती का? हिला काय तेराव्याचं!" हे खरं होतं. यांनी नागपूरला सगळे दिवस केले आणि मी पाचव्या दिवशी परत आले होते, कारण स्टुटगार्टला एका नर्सचा खटला होता आणि बदली माणूस मिळत नव्हता. सासऱ्यांनीच शेवटच्या आजारात मला बजावलं होतं, की तुझं काम थांबवू नकोस. पण हे कुणाला आणि कुठल्या तोंडाने सांगायचं?

घरी यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "सगळं नको सांगूस. नुसतं हो की नाही म्हण."

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

"नवऱ्याला पण?"

"नवऱ्याला पण."

ते उठले. चहा ओतला, माझ्यासमोर ठेवला. त्यांनी पुढे कितीतरी महिने विचारलं नाही. पण त्यांना ते लागलं होतं, मला दिसत होतं. तीस वर्षांत आमच्यात न सांगितलेलं असं काही नव्हतंच.

पुढच्या गणपतीला आरती झाल्यावर प्रसादाच्या वेळी विषय निघाला. कुणीतरी मुद्दाम काढला. मी मोदक वाढत होते आणि एक बाई ताट मागे ओढून घेत म्हणाली, "नको, मला दुसऱ्या कुणीतरी वाढा." सगळे थबकले. आणि आमचे हे, जे आयुष्यात कुणाशी वरच्या आवाजात बोलले नाहीत, ते मधोमध उभे राहून म्हणाले, "ऐका सगळ्यांनी. माझ्या बायकोने हेमंतच्याच बाजूने मत दिलं होतं. तिने मला सांगितलंय. बाकीच्यांनी तिला हरवलं. आता पुरे!"

लोकांचे चेहरे सैल पडायला लागलेले मी बघितले. त्या ताटवाल्या बाईने तर ताट पुन्हा पुढे केलं. एवढं सोपं होतं ते! मी गप्प बसले असते तर झालं होतं. पण गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, आणि हो किंवा नाही, काहीही म्हणायची मला मुभा नव्हती. उद्या कुणी कंपनीला सांगितलं असतं, कंपनीच्या वकिलाच्या कानावर गेलं असतं, की मानद न्यायाधीश मतं वाटत फिरतात. आणि मी यांना सांगितलेलं नव्हतं हो! कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मी यांना काहीही सांगितलेलं नाही," मी म्हणाले. "यांना काहीही माहीत नाही."

मी एवढंच म्हणाले. त्याचा सगळ्यांनी एकच अर्थ घेतला, आणि तो अर्थ घेऊ नका असं म्हणायचीही मला सोय नव्हती. यांचा चेहरा मी बघितला. भर सभेत बायकोने खोटं पाडलं होतं त्यांना, आणि तेही माझ्यासाठी बोलताना. त्यांनी हातातली आरतीची थाळी हळूच टेबलावर ठेवली, माझा कोट आणला, मला घातला आणि आम्ही निघालो. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, शेजारी शेजारी बसलो. त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. पुन्हा मंडळात आम्ही गेलो नाही.

माझी मुदत संपल्यावर युनियनने विचारलं, पुन्हा नाव देऊ का? मी नको म्हटलं. झगा परत केला. अध्यक्षांनी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "तुम्ही फार कर्तव्यदक्ष होतात." मी घरी येऊन हे यांना सांगितलं, तर ते कडवट हसले. "हो," म्हणाले, "त्यात शंकाच नाही."

काही वर्षांनी यांना कॅन्सर निघाला. स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी ते फार बोलत नसत. एका दुपारी मी पेज भरवत होते तर माझं मनगट धरून म्हणाले, "आता तरी सांग. मी कुणाला सांगायला जाणार आहे?"

थट्टेच्या सुरात म्हणाले, पण डोळे थट्टेचे नव्हते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दोनच शब्दांचं काम. माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. आणि मी म्हटलं, "अजून एक चमचा घ्या."

त्यांनी घेतला. गिळला. म्हणाले, "जज्ज ती जज्जच."

त्या आठवड्यात ते गेले.

निखिल, आमचा मुलगा, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. इथेच वाढलेला. मी मराठीत बोलते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो. आईवडील गेले की त्याच्या करारात दोन दिवसांची रजा. एक दिवस गेले त्या दिवशीच्या कागदपत्रांत संपला. इथे दहनालाही आठवडा लागतो, दुसरा दिवस त्यात गेला. त्याने साहेबाकडे आणखी रजा मागितली. साहेबाने सांगितलं, रिलीज आहे, या महिन्यात शक्य नाही. निखिल माझ्यासमोर बसून म्हणाला, "मामा, त्स्वाय टागे." आई, दोन दिवस. "मी थांबू का? तू सांग. तू म्हणशील तर थांबतो."

मला विचारत होता! साऱ्या जर्मनीत हे मला सोडून कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. थांबलास तर काय होतं, हे मला तोंडपाठ होतं. त्याच्याखाली माझीच सही होती.

"जा बाळा," मी म्हटलं. "मी आहे."

तो गेला. रोज फोन करायचा, पण गेला.

तेराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. भारतातला नंबर. "काकू, हेमंत शिर्के बोलतोय. चाकणहून. काकांचं उशिरा कळलं." मग म्हणाला, "आज तेरावं ना? मुलगा आहे ना जवळ?"

"नाही रे," मी म्हटलं. "त्याला रजा नाही मिळाली."

त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. तो म्हणाला, "असू दे, काकू. असू दे." आणि फोन ठेवला.

दुपारी मी एकटीने स्वयंपाक केला. यांना आवडायची तशी, वेलची जास्त घातलेली खीर केली. फोटोसमोर पान वाढलं. मंडळातलं कुणी आलं नाही, मी कुणाला बोलावलंही नव्हतं. मग उठले, घराचं दार आतून लावलं, खिडकी लावली, फोटोसमोर बसले आणि यांना सांगितलं. त्या खोलीत मी काय बोलले, किती वेळ बोलले, तेरावं कसं समजावलं की नाही समजावलं, आणि शेवटी माझं मत काय पडलं, सगळं. मराठीत. मोठ्याने. शपथ मोडली असेल तर मोडली.

खीर गार झाली तरी मी बोलतच होते. ते होते तेव्हा हे दोन शब्दांत झालं असतं.

तुम्हाला मात्र सांगणार नाही.